व्यापाऱ्याच्या नावाचे पदक आणि शेतकऱ्याचा हिशेब

दरवर्षी ९ फेब्रुवारीला गोंदियात मनोहरभाई पटेल यांची जयंती साजरी होते. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलामुलींना त्यांच्या नावाची सुवर्णपदके दिली जातात. मोठे पाहुणे येतात, भाषणे होतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो येतात. ज्या घरात पदक जाते त्या घराला वर्षभर पुरेल इतका आनंद होतो. त्यात वाईट काही नाही. कोण्या शेतमजुराच्या पोरीच्या गळ्यात पदक पडले तर आम्हालाही बरेच वाटेल.

पण हा कागद वाचणारा पऱ्हाटीवाला आणि ज्वारीवाला विचारील की गोंदियाचे आम्हाला काय? तो धानाचा जिल्हा. तिथे तळी आहेत, जंगल आहे. आमच्याकडे पाऊस आला तर पीक, नाही तर कर्ज. आणि शेतकऱ्यांच्या बैठकीत वाटायच्या कागदावर एका बिडी कारखानदाराचे गुणगान कशासाठी?

गुणगान करण्यासाठी आम्ही लिहीत नाही. लिहिण्याचे कारण असे, की असे पुरस्कार आता तालुक्या-तालुक्यात निघू लागले आहेत. कुठे जिनिंगच्या मालकाच्या नावाने, कुठे पतसंस्थेच्या दिवंगत अध्यक्षाच्या नावाने, कुठे अडतदुकानाच्या संस्थापकाच्या नावाने. मंडप पडतो, शाल-श्रीफळ येते आणि सत्कारमूर्ती म्हणून एखाद्या शेतकऱ्याला खुर्चीवर बसवले जाते. त्या खुर्चीवर कोण बसवायचा आणि कशासाठी, हे आपल्याला कोणी विचारत नाही. आता हे आपणच विचारायला हवे. व्यापाऱ्याच्या गुणांचा सन्मान करायचा तर ते गुण कोणते? आणि आज ते कोणात आहेत?

बिडी कोणी उभी केली

आधी गोंदियाची गोष्ट नीट पाहू. मनोहरभाईंचा जन्म १९०६ सालचा, गुजरातेतल्या नडियादचा. नडियाद म्हणजे चरोतरचा मुलूख, बिडीच्या तंबाखूचे आगर. गोंदियाच्या भोवती तेंदूचे जंगल आणि गावात आगगाडीचे जंक्शन. तिकडचा तंबाखू आणि इकडचे पान एकत्र आणले तर धंदा उभा राहतो, हे ज्यांना दिसले त्यांनी बिडीचा व्यवसाय उभारला. मनोहरभाई त्यातच मोठे झाले. दूरच्या दोन मालांची गाठ घालून देणे ही व्यापाऱ्याची अक्कल आहे आणि तिला आम्ही कमी लेखत नाही. शेतीलाही आम्ही धंदाच मानतो. तेव्हा धंदेवाईक अकलेला नावे ठेवणे आपल्याला शोभणार नाही.

पण बिडी एकट्या व्यापाऱ्याने उभी केली नाही. ऐन उन्हाळ्यात पहाटे अंधारात उठून पान तोडणारी, दुपारी सावलीत बसून पुडे बांधणारी माणसे याच भागातली, बरीचशी आपल्यासारखीच अल्पभूधारक, आदिवासी, मजूर. घरच्या ओट्यावर सुपात पाने घेऊन हजाराच्या हिशेबाने बिड्या वळणाऱ्या बाया याच भागातल्या. सगळ्यांनी भरल्या त्या हजार बिड्या, पण खराब म्हणून किती बाजूला काढायच्या हे दुसरा ठरवायचा. आणि तंबाखू पिकवणारा शेतकरी? १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भाव मागितला तर त्यांना पोलिसांच्या गोळ्या मिळाल्या, शेतकरी मेले. बिडीच्या एका धुराच्या मागे एवढे घाम आणि रक्त आहे.

कापसाचे तरी वेगळे काय? आपण वेचतो, आपण गाडी भरतो. बाजारात गेल्यावर ओलावा किती, कवडी किती, कडता किती हे दुसरा ठरवतो. सरकारी खरेदीत ओलाव्याचे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर गेले की भाव उतरतो, १२ टक्क्यांच्या वर गेले की माल नाकारला जातो. काट्यावर उभा राहिलेला शेतकरी तोंडाकडे पाहत राहतो. बिडी वळणारी बाई आणि पऱ्हाटीवाला यांची ओळख नसेल, पण दोघांचे दुखणे एकच आहे. माल आमचा आणि मोजमाप दुसऱ्याचे.

बिडीने माणसाचे भलेही केलेले नाही. ओढणाऱ्याची छाती जाते, वळणारीच्या नाकातोंडात भुकटी जाते. हे आज सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, कोण्या व्यापाऱ्याचा सन्मान करायचा तर त्याने काय विकले यावरून करू नका. त्याने धंदा कसा केला आणि कमावलेल्या पैशाचे काय केले, यावरून करा.

पैसा जिथला, तिथे लावला

या दुसऱ्या कसोटीवर मनोहरभाईंच्या पदरात मोठे काम आहे. ते स्वतः फार शिकलेले नव्हते. गोंदियाचे नगराध्यक्ष झाले, आमदार झाले. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापली आणि भंडारा-गोंदियाच्या खेड्यापाड्यांत हायस्कुले उघडली. त्या काळी मॅट्रिकच्या पुढे शिकायचे तर पोराला नागपूरला धाडावे लागे आणि ते ज्याच्या घरी दोन पैसे त्यालाच जमे. गोंदियात विज्ञानाचे कॉलेज निघाले, त्याला नाव धोटे बंधूंचे. दुसरे निघाले, त्याला नाव नटवरलाल माणिकलाल दलालांचे. इटियाडोहसारखी धरणे व्हावीत म्हणून त्यांनी पाठपुरावा केला, असे जिल्ह्यातले जुने लोक सांगतात. १९७० साली ते वारले. २००७ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

यातली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. ज्या मातीतून पैसा आला तिथेच तो परत लावला गेला. विदर्भाच्या कापसाचा पैसा मुंबई-अहमदाबादला गेला आणि तिथे गिरण्या, बंगले, बँका झाल्या. यवतमाळच्या खेड्यात त्यातले काय राहिले ते आपण रोज पाहतो. गोंदियाच्या पानातून झालेल्या पैशातला काही भाग तरी गोंदियाच्या शाळेच्या भिंतीत गेला. पान तोडणाऱ्याला त्याच्या पानाचा पुरा भाव मिळाला असता तर त्याने शाळा स्वतःच बांधली असती, हे आमचे म्हणणे कायमच आहे. दानाने दामाची भरपाई होत नाही. पण कमावून पळून जाणाऱ्यापेक्षा कमावून गावात लावणारा बरा, एवढे मान्य करण्याइतका मोठेपणा चळवळीत असला पाहिजे.

मग त्यांच्या नावाचे पदक फक्त मार्कांना का? जो माणूस मार्कांच्या जोरावर मोठा झाला नाही, त्याच्या नावाने मार्कांचा सत्कार होतो. पहिला आलेला पोरगा पुण्या-मुंबईला जातो, त्याच्या पुढे जातो. त्याने जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. पण जो गावात राहिला, ज्याने धंदा केला, चार जणांना काम दिले, कोणाचे पैसे बुडवले नाहीत, त्याच्यासाठीही एक पदक असावे. मनोहरभाईंचे गुण नेमके त्याच्यात सापडतील.

कपाशीवाल्यांचा व्यापारी

कापूसवाल्यांना जवळचे उदाहरण वर्ध्याचे आहे. जमनालाल बजाज राजस्थानातून दत्तक म्हणून वर्ध्याला आले आणि कापसाच्या पेढीवर वाढले. त्या काळी वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारून गाठी बांधायची व्यापाऱ्यांची रीत होती. जमनालालजींनी आपल्या पेढीत ती बंद केली, आणि पुढे त्यांच्या मालाचा बाजारात विश्वास वाढला, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. इंग्रज सरकारने त्यांना रायबहादूर केले होते. १९२१ साली त्यांनी ती पदवी परत केली. १९२८ साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले. गांधीजी वर्ध्याला येऊन राहिले त्यामागेही त्यांचाच आग्रह होता. १९४२ साली ते गेले.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९७८ पासून दिला जातो. तो सर्वांत श्रीमंत कापूस व्यापाऱ्याला देत नाहीत. विधायक काम करणाऱ्याला, खेड्याच्या कामी विज्ञान लावणाऱ्याला, बायामुलांसाठी झटणाऱ्याला देतात. माणसाने जे आयुष्यभर केले तेच काम पुढे चालवणाऱ्याला त्याच्या नावाचा मान मिळतो. ज्याने सरकारचा मान परत केला त्याच्या नावाचा मान घेताना घेणाऱ्यालाही जरा विचार करावा लागतो. पुरस्काराला वजन येते ते असे.

जुनी रीत

सन्मान कसा करावा हे गोंदियाच्या मुलखाला बाहेरून शिकायची गरज नाही. चांद्याच्या गोंड राजांबद्दल सांगतात, की जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन द्यायची. जंगल तोडून शेत काढणाऱ्यालाही अशीच जमीन मिळे. अशा जमिनीला तुकूम म्हणत. या रीतीने कोहळी समाजाच्या लोकांनी भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे तळी बांधली. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. आजही त्या तळ्यांच्या पाण्यावर धान उभे राहते.

या बक्षिसातली अक्कल पाहा. राजाने शाल दिली नाही. बक्षीस कामाच्या मापाने दिले. मोठे तळे बांधले, जास्त जमीन भिजली, जास्त जमीन मिळाली. तळे फुटले तर जमीनही कोरडी. खोटे काम करून बक्षीस लाटायची सोय नाही. आणि बक्षीस मिळाल्यावर माणूस थांबत नाही, तळ्याची पाळ सांभाळत बसतो. ज्या सन्मानाने काम वाढते तोच सन्मान खरा. फोटोपुरता जो संपतो तो निव्वळ समारंभ.

आपल्या चळवळीच्या आठवणीतही असे एक उदाहरण आहे. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. ज्या गावातल्या शंभर घरांनी आपल्या जमिनीचा तुकडा घरच्या बाईच्या नावावर केला, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. मान गावाला मिळाला आणि तो सातबाऱ्यावर नोंदला गेला. हार सुकतो, पण सातबाऱ्यावरची नोंद टिकते.

एकरी क्विंटलचा सत्कार

आता शेतकऱ्यांना जे पुरस्कार मिळतात त्यांच्याकडे वळू. पीकस्पर्धा होते. एकरी किती क्विंटल काढले ते मोजतात आणि सर्वांत जास्त काढणाऱ्याला पहिला नंबर देतात. त्यासाठी खत किती ओतले, फवारण्या किती केल्या, विहिरीचे कर्ज किती झाले, शेवटी हातात काय उरले, हे फारसे कोणी विचारत नाही. पहिला नंबर आलेला शेतकरी कर्जबाजारी असू शकतो. उत्पादन वाढवले म्हणून सत्कार झाला आणि त्याच वर्षी बाजारात भाव पडून उलटी पट्टी हातात आली, तर तो सत्कार कोणाचा?

शिवाय ही शर्यत पाणीवाल्याची आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने पावसाच्या भरवशावर एकरी चार क्विंटल कापूस काढला आणि कोणाचे देणे न ठेवता घर चालवले, तर त्याने मोठी कामगिरी केली. स्पर्धेत मात्र तो शेवटचा. ज्वारीवाल्याचेही तसेच. दाण्याचे वजन धरतात, कडब्याची किंमत धरत नाहीत. ऐन काढणीला पाऊस पडून कणीस काळे पडले तर भाव निम्मा, तरी कडब्यावर गुरे जगली आणि दुधावर घर तगले, हा हिशेब कोणत्याच रकान्यात बसत नाही.

व्यापाऱ्याच्या नावाचा पुरस्कार असेल तर त्याने व्यापाऱ्याचाच प्रश्न विचारला पाहिजे. खर्च किती, आले किती, देणे किती, उरले किती? व्यापारी कधी एकरी क्विंटल मोजत नाही, तो चोपडी पाहतो. हा गुण त्याच्याकडून घेण्यासारखा आहे. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. वाणाप्रमाणे, वेचणीप्रमाणे उतारा दोन किलोने इकडेतिकडे होतो. जिनिंगवाला तो उतारा जाणतो, आपण सगळा माल एकाच भावाने ओतून येतो. ज्या गटाने आपल्या कापसाचा उतारा स्वतः मोजला, पहिली आणि शेवटची वेचणी वेगळी ठेवली आणि त्यावर भाव भांडून घेतला, त्या गटाचा सत्कार करा. तो खरा व्यापारी गुण.

पान तेच, व्यापारी नवा

आणि असे लोक गोंदियात आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानासारख्या वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. २०१३ च्या हंगामापासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी आपले पान आपणच विकायला सुरुवात केली. आधी वनखाते लिलाव करायचे, ठेकेदार यायचा, गाव फक्त मजुरी घ्यायचे. आता ग्रामसभेने बोली मागवायची, करार करायचा, पुडे मोजायचे, मजुरी आणि विक्रीतला गावाचा वाटा घरोघर द्यायचा. ज्यांना जन्मभर कोणी हिशेब दाखवला नाही ते लोक हिशेब ठेवू लागले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एखाद्या वर्षी भाव चढला, एखाद्या वर्षी कोसळला. ठेकेदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारी झाल्या. काही ग्रामसभांत हिशेबावरून भांडणे लागली. धंद्यात हे व्हायचेच. धोका नाही तो धंदा नव्हे. कापूसवाल्यांना तर हे ठाऊकच आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात दुसऱ्याला माल विकायची मुभा नव्हती. ती गेली तेव्हा मोकळीक आली आणि तिच्याबरोबर पडत्या भावाचा धोकाही आला. धोका नको म्हणून मोकळीक नाकारणारा कायम दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

तेंदूचे पान ओळखून ज्यांनी एके काळी धंदा उभारला, त्यांच्या गुणांचा वारस आज कोण? आमच्या मते जी ग्रामसभा तेच पान स्वतः विकते, चोपडी चौकात वाचते आणि उरलेल्या पैशातून गावात काही उभे करते, ती. तिच्यात धंद्याची अक्कलही आहे, सचोटीही आहे आणि पैसा जिथला तिथे लावायची रीतही आहे. मनोहरभाईंच्या नावाचे एखादे पदक पान तोडणाऱ्या गावाला मिळाले तर ते पदकच मोठे होईल.

आमचे म्हणणे

पुरस्कार देणारी संस्था आमची नाही आणि तिने काय करावे हे सांगायचा हक्कही आमचा नाही. पण तालुक्या-तालुक्यात असे पुरस्कार निघत आहेत, त्यांत आपल्याला बोलावले जाते, आपल्याच माणसांना हार घातले जातात. तेव्हा आपली अट आपण ठेवू शकतो. आणि आपल्याला स्वतःच असा सन्मान सुरू करायचा असेल तर आतापासून नियम ठरवू शकतो. जिल्हा बैठकीत चर्चा व्हावी म्हणून आम्ही पुढील गोष्टी मांडतो.

पहिली, नाव सुचवण्याचा हक्क त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांचा असावा. व्यापारी असेल तर त्याला माल विकणारे शेतकरी, शेतकरी असेल तर त्याच्या शेतावरचे सालदार आणि मजूर. ज्याच्याबद्दल खालचा माणूस बरे बोलतो त्याचीच पत खरी.

दुसरी, हिशेब वाचला जावा. पिकाचा असो, गटाचा असो, ग्रामसभेचा असो. तोटा झाला असेल तर तोही वाचावा. तोटा लपवणाऱ्यापेक्षा तोटा सांगून देणे फेडणारा मोठा. कोरडवाहू मुलखात दर चार वर्षांत एखादे वर्ष बुडतेच. त्या वर्षी माणूस कसा वागला हे पाहावे.

तिसरी, सन्मान घराच्या नावाने व्हावा. वेचणी, निंदणी, बी राखणे, गुरांचे पाहणे हे सगळे बाईने करायचे आणि शाल बाप्याने पांघरायची, हे बंद झाले पाहिजे. मायबहिणीचे नाव पत्रिकेवर आधी यावे.

चौथी, जो सध्या खुर्चीवर आहे किंवा निवडणुकीला उभा राहणार आहे, त्याला सत्कारमूर्तीही करू नये आणि अध्यक्षही. नाही तर पुरस्कार एकाचा आणि प्रचार दुसऱ्याचा होतो.

पाचवी, मंडपावरचा खर्च कामाला लागावा. एका गटाला ओलावा मोजायचे यंत्र, एका गावाला मोठा काटा, एका ग्रामसभेला पान ठेवायला कोठार. गोंड राजाने तळ्याखालची जमीन दिली, आपण निदान काटा देऊ.

यावर वाद होईल. कोणी म्हणेल, व्यापाऱ्याचे नाव घेताच कशाला, त्याने तर लुटलेच. कोणी म्हणेल, मोठ्या माणसाच्या नावाच्या कार्यक्रमात अटी कसल्या घालता. दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. लूट झाली असेल तर ती आकड्यांनी दाखवा, आणि गुण असतील तर तेही आकड्यांनीच दाखवा. चोपडी उघडल्यावर दोन्ही दिसते. नुसत्या रागाने आपला भाव वाढला नाही आणि नुसत्या हारानेही वाढणार नाही.

प्रत्येक गावाने बैठकीला येताना एक नाव आणावे. ज्याने मोजमापात खोटेपणा केला नाही, ज्याने कोणाचे बुडवले नाही, ज्याने चार पैसे कमावले आणि गावात लावले, असे नाव. तो दुकानदार असेल, जिनिंगवाला असेल, बचत गटाची बाई असेल, पान विकणारी ग्रामसभा असेल. नावाबरोबर कारण दोन ओळींत लिहून आणावे. ज्या गावाला असे एकही नाव सापडणार नाही, त्या गावाने तेही सांगावे. मग ते का सापडले नाही, यावरच आपण सर्वांनी मिळून बोलू.